घरात नको, गाडीवर चालेल?



विषय वाचून काहीजणी नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. कुळथाच्या पिठल्यावर आणि बिनकांद्याच्या आमटीवर लिहिणारी बाई आता नूडल्सवर घसरली, असं एखादी म्हणेलही. म्हणू दे. मला आज भांडायचंच आहे, आणि भांडण बाहेरच्या कोणाशी नाही. आपल्याच घरांत मोठ्या अभिमानाने बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याशी आहे: "आपल्या घरात असलं काही शिजत नाही हो."

बरं, शिजत नाही. मग त्याच घरातली मुलं संध्याकाळी सात-साडेसातला कुठे असतात? मारुती मंदिरापाशी नाहीतर मांडवीला, चायनीजच्या गाडीसमोर. घरच्यांना ठाऊक नसतं असं नाही. विचारलं की दुसरं वाक्य तयार असतं: "बाहेर काय खातात ते आपण कुठवर बघणार?" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. घरची वही कोरी करकरीत ठेवायची आणि सगळा खर्च भलत्याच खात्यावर टाकायचा! मी बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण असा ताळेबंद कोणी पुढे ठेवला तर मी आजही सही करणार नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या घरात रात्रिभोजन त्याग आणि कंदमूळ त्याग पाळायचा आहे, त्या घरात नूडल्स केल्याच पाहिजेत. कराव्यात तर बऱ्या, असं मी म्हणत नाही. केल्याच पाहिजेत. कारण मुलांना त्या हव्या आहेत, आणि नियमात बसणाऱ्या नूडल्स रत्नागिरीतच काय, कुठल्याच गावात गाडीवर मिळू शकत नाहीत.

का मिळू शकत नाहीत, ते आधी वेळेवरून बघू. कांदा-लसणाचं नंतर. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास समुद्रात जातो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातला. गाडीवाला साडेपाच-सहाला गाडी लावतो, भट्टी पेटवतो, कोबी चिरतो, आणि पहिली प्लेट निघेपर्यंत दिवेलागण झालेली असते. त्याचा धंदाच आपला चौका बंद झाल्यावर सुरू होतो. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण मग "आम्ही जैन सांगून घेतो" याला अर्थ काय उरला? कांदा काढलात आणि रात्र ठेवलीत.

या बाबतीत आपल्या लग्नांबद्दलही बोलायला हवं. हॉलच्या कोपऱ्यात चायनीजचा काउंटर, वर ठळक पाटी 'जैन', आणि घड्याळात रात्रीचे साडेनऊ. पाटीखाली रांगेत कोण उभं असतं? आपणच. ज्या वहिनींनी सुनेला घरात नूडल्सचं पाकीट आणू दिलं नाही, त्या तिथे प्लेट हातात घेऊन उभ्या दिसतात. नावं घेत नाही, वाचत असतील.

आता त्या 'जैन' शब्दाकडे येते. हॉटेलच्या मेनूकार्डावर हा शब्द फार स्वस्त झाला आहे. शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका छापावा लागतो, त्यामागे कायदा आहे. 'जैन' या शब्दामागे तसं काही नाही. म्हणणाऱ्याने म्हणायचं, ऐकणाऱ्याने ऐकायचं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'कांदा-लसूण घालू नकोस रे' एवढाच असतो. गाजर? ते जमिनीखालचं आहे हे स्वयंपाकघरातल्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं. आलं? ते सॉसमध्ये आधीच गेलेलं असतं. शेजवान चटणीतून लसूण काढली तर मागे मिरची आणि तेल एवढंच उरतं, म्हणून ती काढत नाहीत. मेनूवर 'हनी चिली पोटॅटो' असतो, त्यात मध आणि बटाटा दोन्ही! अशा मेनूकार्डाच्या तळाशी 'जैन फूड उपलब्ध' अशी ओळ वाचली की मला हसू येतं.

आणि कढई? तिचं कोण काय करणार? गाडीवर कढई एक, झारा एक. आधीची प्लेट चिकनची किंवा अंड्याची, ती खाली उतरली की कढईत पाण्याचा एक फवारा, झाडूने एक फेर, आणि लगेच आपली 'जैन' प्लेट. नूडल्स उकडायचं पाणी गाळलेलं आहे का, हे विचारायची सोयच नाही. विचारलंत तर तो तुमच्याकडे असा बघेल की पुन्हा विचारणार नाही. सॉसची बाटली कसली, त्यात काय आहे, हेही आपल्याला दिसत नाही. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांपासून केलेला सॉस. कोकणात राहून कालवं कशाला म्हणतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

थोडं पाकिटांविषयीही, कारण "गाडीवर जात नाही, घरी पाकीट फोडते" असं सांगणाऱ्याही पुष्कळ आहेत. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. जैन नव्हे. दोन मिनिटांच्या नूडल्सबरोबर येणाऱ्या मसाल्याच्या पुडीत बहुधा कांद्याची आणि लसणीची पूड असते. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. त्याच यादीत कधी ई ६३१ असा आकडा दिसतो. हे चव वाढवणारं द्रव्य वनस्पतीजन्य मालापासूनही बनतं आणि मांस-मासळीपासूनही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच द्रव्याचं उदाहरण देऊन बजावलं, की नुसता आकडा छापून भागणार नाही, मूळ वनस्पतीचं आहे की प्राण्याचं ते ग्राहकाला सांगा. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या आपण खुळ्या नव्हतो! पाकिटावर निदान यादी वाचता येते. गाडीवरच्या प्लेटवर काय वाचणार?

पण उगाच खोटं पसरवू नका, एवढी विनंती. अजिनोमोटो डुकराच्या चरबीपासून करतात, असा निरोप दर चार महिन्यांनी आपल्या ग्रुपवर फिरतो. तसं नाही. जपानमधल्या किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून ते वेगळं काढलं, आणि आज ते उसाची मळी वगैरे आंबवून करतात. आंबवलेलं आपल्याला चालतं का, हा आपला प्रश्न आहे, तो जरूर विचारा. पण नियम पाळायला खोट्याचा आधार कशाला? सत्य हेही एक अणुव्रतच आहे.

आता आपल्या आज्या-सासवांचा आवडता मुद्दा: "हे परक्यांचं खाणं, आपल्याला काय करायचंय?" परकं कुठलं? आपण ज्याला चायनीज म्हणतो ते कोलकात्याच्या टांग्रा भागातल्या हक्का चिनी कुटुंबांनी आणि मुंबईच्या हॉटेलांनी इथल्या जिभेसाठी घडवलेलं आहे. मंचुरियन तर १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी पहिल्यांदा केलं, असं सांगतात. चीनमधल्या माणसाला तुमचं शेजवान ओळखू येणार नाही. आणि दोरीसारखं पीठ करून शिजवणं आपल्याला नवीन आहे का? माझ्या माहेरी, कोल्हापूरकडे, उन्हाळ्यात अंगणभर शेवया वाळत असायच्या. गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या हे सगळं रुखवतात मांडायचो. आणि इथे कोकणात लग्न होऊन आले तर शिरवळ्या! तांदळाच्या उकडीचे मुटके गरम पाण्यात शिजवायचे, गरमगरमच लाकडी साच्यातून दाबायचे आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खायचे. या नूडल्स नाहीत तर काय आहेत? दोऱ्याला जात नसते. दोऱ्यावर काय पडतं, कोणत्या कढईत आणि किती वाजता, त्याला असते.

तेव्हा आता करायच्या कशा, ते सांगते. इथे जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण "घरी केल्या पण गाडीसारख्या झाल्या नाहीत" ही तक्रार मी प्रत्येकीकडून ऐकते, आणि त्या तक्रारीनेच मुलं परत गाडीकडे वळतात.

चौघांसाठी साध्या हक्का नूडल्सची दीडशे ग्रॅमची दोन पाकिटं. मसाल्याची पुडी नसलेली, अंडं नसलेली, हिरवा ठिपका आणि घटकांची यादी बघून घेतलेली. तीन लिटर गाळलेलं पाणी खळखळ उकळू द्या, मीठ आणि चमचाभर तेल घाला, मग नूडल्स सोडा. दातांखाली किंचित कचकच राहिली पाहिजे, तेवढ्यावर चाळणीत उपसा. वरून गार पाणी, तेही गाळलेलंच. निथळल्या की परातीत पसरा, चमचाभर तेल हाताने चोळा आणि पंख्याखाली अर्धा तास विसरून जा. गरम नूडल्स कढईत टाकल्या की लगदा होणारच. गार आणि कोरड्या टाकल्या की दोरा न् दोरा सुटा राहतो. अर्धं यश इथेच आहे.

भाज्या. गाजराचा हट्ट सोडा. गाजर हवं असतं ते रंगासाठी आणि करकरीतपणासाठी. करकरीतपणा कच्च्या पपईत आहे, आपल्या परसात फुकट आहे. साल काढून काडेपेटीच्या काडीएवढे लांब तुकडे करा. कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. भोपळी मिरची, फरसबी तिरकी चिरून, आणि आठ-दहा कोवळी तोंडली उभी पातळ चिरून. तोंडली ऐकून हसू नका, आधी करून बघा. कोबीचं म्हणाल तर ज्यांच्या घरी चालतो त्यांनी पान न् पान सोडवून, उजेडात निरखून घ्यावा. आमच्याकडे चातुर्मासात पालेभाजी आणि कोबी दोन्ही बंद असतात, तेव्हा पपईच वाढवते. सगळ्या भाज्या सकाळीच धुऊन पुसून कोरड्या करून ठेवा.

आलं घालायचं नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात ओल्या आल्याचं नाव घेऊन ते सोडायला सांगितलं आहे, आणि कारण असं दिलं आहे की त्यात लाभ थोडा आणि जीवांचा घात मोठा. मला हे कारण फार आवडतं. कॉमर्सवालीला पटेल असंच आहे! सुंठ मात्र वाळलेली, ती आमच्याकडे चालते, आणि नूडल्समध्ये ओल्या आल्यापेक्षा छान लागते.

सॉससाठी सहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून तीन पिकलेल्या टोमॅटोंबरोबर वाटा. दोन मोठे चमचे शेंगदाणा तेलात पाव चमचा हिंग, मग हे वाटण, आणि तेल सुटेपर्यंत परता. घाई करू नका, दहा-बारा मिनिटं लागतात. अजिनोमोटोत जी चव असते तीच निसर्गतः पिकलेल्या टोमॅटोत असते, आणि आटवल्यावर ती दाट होते. त्यात अर्धा चमचा सुंठ, चमचाभर ताजी कुटलेली मिरी, चमचाभर साखर. आणि सोया सॉस-व्हिनेगरच्या जागी आपलं रत्नागिरीचं कोकमाचं आगळ, एक मोठा चमचा. आंबटपणा येतो, खारटपणा येतो, रंग तांबूस काळपट येतो. आगळात मीठ असतंच, तेव्हा वेगळं मीठ चव बघून, अगदी शेवटी. सोया सॉस आंबवलेला म्हणून काही घरांत चालत नाही, काहींत चालतो. आपल्यात गुजराती घरं आहेत, मारवाडी आहेत, कच्छी आहेत, आमच्यासारखी दक्षिणेकडची दिगंबर आहेत. नियम घरागणिक वेगळे, त्यात मी पडत नाही. आगळावर मात्र हरकत घेणारी मला अजून भेटलेली नाही.

आता आंच. गाडीवाल्याची भट्टी घरच्या शेगडीच्या कितीतरी पट तापते, ही खरी गोष्ट आहे. म्हणून चौघांचं एकदम टाकाल तर भाजीला पाणी सुटेल, ती परतली जाणार नाही, उकडेल. दोन वेळा करा, दोन-दोन प्लेट. लोखंडी कढई धूर दिसेपर्यंत तापवा, तेल, मग फरसबी आणि तोंडली, मिनिटाभराने पपई, शेवटी भोपळी मिरची. भाजीवर मीठ आधी घालू नका, मिठानेही पाणी सुटतं. दोन मिनिटांत भाज्या कडेला सारा, दोन चमचे सॉस मध्ये घाला, तो चरचरला की नूडल्स. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात चिमटा, उचलून उचलून परता, ढवळू नका. नूडल्सला कढईचा थोडा खरपूस डाग लागला पाहिजे, गाडीची चव म्हणतात ती तीच. दोन मिनिटांत उतरवा.

किती वाजता? डिसेंबरात मी पावणेपाचला कढई ठेवते, सव्वापाचला ताटं. "एवढ्या लवकर मुलांना भूक कुठे असते?" असं विचारणाऱ्यांनी जरा आठवावं, शाळेतून आलेलं मूल पाच वाजता फडताळात काय शोधत असतं. माझी नात दहावीत आहे, साडेपाचला क्लास, सुटतो साडेसातला. क्लासच्या दाराशीच गाडी. रिकाम्या पोटी गेलेली मुलगी सुटल्यावर तिथे थांबणारच. तिला नियमाचं व्याख्यान देऊन काय होणार? सव्वापाचला पोटभर नूडल्स खाऊन गेलेली मुलगी गाडीवरून सरळ घरी येते. ही श्रद्धेपेक्षा पोटाची गोष्ट आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो सुनांकडून येतो: "म्हणजे काकू, पुन्हा आम्हीच कढईपुढे उभं राहायचं का?" नाही गं बायांनो. बघा, घरात नको म्हणणारे बहुतेकदा तेच असतात ज्यांना शेगडी कशी पेटवायची हे माहीत नसतं. हुकूम सोपा असतो, पपई किसणं कठीण असतं. आमच्याकडे फरसबीच्या शिरा हे काढतात, वयाच्या सत्तरीत शिकले आणि आता माझ्यापेक्षा बारीक काढतात. भाज्या चिरायचं काम मुलाचं, रविवारी तर परतायचंही. नियम सगळ्या घराचा असेल तर सुरीही सगळ्यांच्या हाती असली पाहिजे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी सुनेला गाडीवरून पार्सल आणल्याबद्दल बोल लावू नये.

खर्चाचं म्हणाल तर विचारूच नका. बाहेर चार प्लेटना जे जातं त्याच्या निम्म्यातही घरी होतं, आणि वर आगळ उरतं.

राहिल्या त्या मैत्रिणी, ज्या मर्यादेचं पाळतात. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, असा ज्यांचा शोधाचा चौका आहे त्यांना पाकिटातल्या नूडल्स चालायच्याच नाहीत. त्यांनीही "मग आमच्या मुलांनी काय करावं?" म्हणून हात झटकू नयेत. त्यांच्यासाठी शिरवळ्या आहेत. ताज्या दळलेल्या तांदळाच्या पिठाची उकड काढा, मुटके शिजवा, साच्यातून दाबा, गार होऊ द्या, आणि त्याच दिवशी उजेडात वरच्याच सॉसमध्ये परता. तांदळाचा दोरा नाजूक असतो, तेव्हा चिमटा नको, नुसती कढई हलवायची. सॉसही त्याच दिवशीचा. हे मी पर्युषणाच्या आधी दोनदा केलं. दुसऱ्यांदा साचा दाबायला नात स्वतःहून आली आणि तिसऱ्या मुटक्याला तिचा हात दुखला, मग पुढचे तिच्या बाबांनी दाबले. साचा कोणाला हवा असेल तर माझ्याकडे दोन आहेत, मंदिरात भेटलात की सांगा, घेऊन येईन.